गाण्यात कसली आली पीएचडी?

निवेदक गायिकेच्या नावाआधी ‘डॉक्टर’ लावतो, आणि मध्यंतरात चहाच्या रांगेत कुणीतरी पुटपुटतंच, ‘गाण्यात कसली आली पीएचडी? गाणं गळ्यात असावं लागतं.’ वाक्य टाळी घेणारं आहे, पण त्यात अर्धा डझन गैरसमज एकावर एक रचलेले आहेत. जमतील तेवढे सोडवून पाहू.

गैरसमज: कलेवर प्रबंध लिहिला की झालं कलेतलं संशोधन

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ साली एक साधी विभागणी मांडली: कलेविषयी संशोधन, कलेतून संशोधन आणि कलेसाठी संशोधन. घराण्यांचा इतिहास किंवा बंदिशींची तुलना ही पहिल्या प्रकारात येते. ते काम मोलाचं आहे, आणि ते करणाऱ्याला स्वतः गाता आलं नाही तरी अडत नाही. ज्याला जगभर ‘आर्टिस्टिक रिसर्च’ म्हणतात तिथं मात्र प्रश्न कलावंताला काम करतानाच पडलेला असतो आणि त्याचा शोधही ते काम करतच घ्यावा लागतो.

आपल्याकडचं सगळ्यात जवळचं उदाहरण प्रभाताई अत्रे यांचं. विज्ञान आणि कायदा या दोन्ही शाखांच्या पदवीधर, सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे तालीम झालेल्या किराणा घराण्याच्या गायिका. ख्यालात त्या मोकळेपणानं सरगम घेत. ‘सा रे ग म’ हे शिकायचं साधन, ते मैफलीत कशाला, असं म्हणणारे जाणकार कमी नव्हते. प्रभाताईंनी डॉक्टरेटसाठी विषय घेतला तोच: सरगम. आक्षेप मैफलीतला, त्याची तपासणी करणारी व्यक्ती रोज तेच गाणारी, आणि उत्तर मात्र इतरांना वाचता येईल, खोडता येईल असं मांडलेलं. ‘गळ्यात असावं लागतं’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की गळ्यात होतं म्हणूनच हा प्रश्न पडला.

गैरसमज: मग रियाज करणारा प्रत्येक जण संशोधकच

ही दुसऱ्या टोकाची उडी, आणि हल्ली कलावंतांनाच ती जास्त आवडते. संशोधन कशाला म्हणायचं हे ठरवणारी ‘फ्रास्काती’ नावाची एक पुस्तिका आहे. ओईसीडी ही आंतरराष्ट्रीय संघटना ती काढते, आणि बरेच देश संशोधनावरचा खर्च मोजताना तिचाच आधार घेतात. २०१५ च्या आवृत्तीत पाच कसोट्या आहेत. काम नवं हवं, कल्पक हवं, निष्कर्ष आधीपासून ठाऊक नसावा, काम पद्धतशीर हवं, आणि जे हाती लागलं ते दुसऱ्याला वापरता किंवा पुन्हा करून पाहता यावं. नुसत्या कलासादरीकरणाला ही पुस्तिका सहसा संशोधनात धरत नाही. सादरीकरणात शोध असतो तो नव्या अभिव्यक्तीचा, नव्या ज्ञानाचा नव्हे, असा तिचा युक्तिवाद आहे.

कलावंतांना हे टोचतं. मला ते बरंचसं पटतं. पहाटे चारला उठून केलेली खर्जसाधना अमूल्य आहे, पण ती संशोधन नाही म्हटल्यानं तिची किंमत कुठं कमी होते? शेवटची कसोटी मात्र कलेच्या बाबतीत जपून लावावी लागते. एकच राग दुसऱ्यानं हुबेहूब तसाच गायला, तर त्याला आपण नक्कल म्हणतो. म्हणून इथं परिणाम जसाच्या तसा परत येण्यापेक्षा वाट दिसणं महत्त्वाचं. काय करून पाहिलं, काय सोडलं, का सोडलं, हे दुसऱ्याला कळायला हवं.

गैरसमज: विज्ञानानं मोजून दिलं की कलेचा प्रश्न मिटला

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीनं त्यांनी बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची, गणिती गुणोत्तरं मांडली. त्यांचं इंग्रजी पुस्तक १९१० साली आलं. क्लेमेंट्स नावाचा इंग्रज सनदी अधिकारी त्यांना येऊन मिळाला, श्रुती-हार्मोनियम तयार झाली आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत हा विषय चर्चेला आला. संगीतशास्त्रकार भातखंडे यांना हे गणित पटलं नव्हतं. पुढं १९६३ साली नझीर जैराझभॉय आणि स्टोन यांनी ध्वनिमुद्रणं यंत्रानं मोजली, तेव्हा आढळलं की एकच स्वर निरनिराळ्या कलाकारांकडे, इतकंच नव्हे तर एकाच सादरीकरणातही, थोडा थोडा हलतो. स्वर ठरावीक खुंटीला बांधलेला नाही, हे मोजमापानंच दाखवलं. पण तो कुठं हलवावा आणि का, हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी गाणाराच हवा.

तबल्याची गोष्ट याच्या उलट आहे. साध्या गोल कातड्यावर आघात केला तर मूळ नादाच्या वरचा पहिला उपनाद सुमारे १.५९ पट असतो. हे प्रमाण सुरेल नाही, म्हणून असं वाद्य नुसतं ‘धप्प’ वाजतं. भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनी एका सहकाऱ्यासह १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं, की आपल्या तालवाद्यांत मध्यावरच्या शाईच्या वजनामुळं हे उपनाद दुप्पट, तिप्पट अशा सुरेल प्रमाणात येतात. १९२१ मध्ये त्यांनी तंबोऱ्याच्या घोडीचाही अभ्यास केला. तार जिथं छेडाल तिथल्या बिंदूमुळं जे उपनाद उमटायलाच नकोत, तेही तंबोऱ्यात ऐकू येतात, असं त्यांना आढळलं.

शाईचे थर घोटणाऱ्याला आणि तंबोऱ्याच्या घोडीला जवारी लावणाऱ्या मिरजेच्या कारागिराला यातलं समीकरण ठाऊक नव्हतं. कानाला मात्र सगळं ठाऊक होतं. त्याला संशोधक म्हणावं का? मी कचरतो. ज्ञान शंभर टक्के होतं, पण ते हातातून हातात जात राहिलं, चारचौघांत तपासायला मांडलं गेलं नाही. रामन यांनी ते ‘सिद्ध केलं’ असंही म्हणवत नाही. जे आधीच वाजत होतं त्याचं कारण त्यांनी सांगितलं.

गैरसमज: ही युरोपातली नवी टूम आहे

हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत कलावंतांसाठीची डॉक्टरेट १९८० च्या दशकातच सुरू झाली. १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर युरोपभर पदव्यांची रचना एकसारखी होऊ लागली आणि या प्रकाराला जोर आला. निधी आणि नोकऱ्या हेही त्यामागचं कारण होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. पण गायकाला सोबत घेऊन केलेलं देवलांचं पुस्तक याच्या कितीतरी आधीचं.

गैरसमज: पीएचडीनं गाणं सुधारतं (किंवा बिघडतं)

दोन्ही खोटं. पदवी गाण्याला मिळत नाही, प्रश्नाच्या तपासणीला मिळते.

‘जर्नल फॉर आर्टिस्टिक रिसर्च’ हे नियतकालिक २०११ पासून लेखासोबतच ध्वनी, चित्रं आणि चलच्चित्रं एकत्र मांडतं, आणि तज्ज्ञ ते सगळं मिळून तपासतात. गाण्यावर, नाचावर, वाद्यावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना म्हणूनच एक विनंती: तीनशे पानांच्या मागं तुमची ध्वनिमुद्रणं जोडा, फसलेलीसुद्धा. आणि तोंडी परीक्षेला बसणाऱ्यांनी आधी ती ऐकावीत, मग पानं उलटावीत.