इतिहासाची पदवी आणि रसायनाची प्रयोगशाळा

आपल्याकडे बारावीला जीवशास्त्र घेतलं नाही, तर डॉक्टरकीचा विचार बहुतेक घरांत तिथेच संपतो. अमेरिकेत मेडिकलला पदवीनंतर जातात, आणि ती पदवी इतिहासाची असली तरी चालते. अट इतकीच, की ठरावीक विज्ञान विषय झालेले हवेत. बोलीत यांना ‘प्रीरेक’ म्हणतात. बहुतेक मेडिकल कॉलेजांची यादी साधारण सारखी असते: जीवशास्त्र, सामान्य रसायन, सेंद्रिय रसायन आणि भौतिकशास्त्र, प्रत्येकी एक वर्ष, प्रयोगशाळेसकट. बऱ्याच ठिकाणी त्यात जैवरसायनाची भर पडते.

समजा, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठात इतिहास शिकणाऱ्या मुलीने तिसऱ्या वर्षी हे मनावर घेतलं. विद्यापीठातल्या रसायनाच्या वर्गात जागा मिळत नाही, म्हणून ती कुपर्टिनोच्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात नाव घालते. राज्यातल्या रहिवाशांना तिथे एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, 31 डॉलर पडतात. पाच युनिटांचा रसायनाचा कोर्स म्हणजे 155 डॉलर, किरकोळ शुल्क वेगळं. बाहेरच्या राज्यातून किंवा देशातून आलेल्यांना मात्र याच्या कितीतरी पट मोजावे लागतात.

आता खरी मेख. डी अँझात वर्षाचे तीन क्वार्टर, सॅन होजे स्टेटमध्ये दोन सेमिस्टर. डी अँझाचं सामान्य रसायन वन-ए, वन-बी, वन-सी अशा तीन भागांत पसरलेलं आहे. दोन भाग करून ती विद्यापीठात परतली, तर तिथला दुसरा सेमिस्टर नेमका कुठून सुरू होतो, हे कोणालाच धड सांगता येत नाही. क्वार्टरचे पाच युनिट सेमिस्टरच्या हिशेबात सव्वातीनच्या थोडे वर भरतात. म्हणून एका विषयाची साखळी जिथे सुरू केली तिथेच संपवावी. कोणता कोर्स विद्यापीठात कशाच्या बदली धरला जातो, हे कॅलिफोर्नियात ‘असिस्ट’ या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. तरीही सल्लागाराकडून ईमेलवर होकार घेऊन ठेवावा. तोंडी ‘होईल’ पदवीच्या वेळी कोणाला आठवत नाही.

साखळीला क्रमही आहे. सामान्य रसायनाशिवाय सेंद्रिय नाही, सेंद्रियाशिवाय जैवरसायन नाही. रसायन उशिरा सुरू झालं की पुढचं सगळं सरकतं. उन्हाळ्यात वर्षाचं रसायन उरकणारे असतात, पण काही आठवड्यांत तितकाच अभ्यास आणि रोजची प्रयोगशाळा. सोबत नोकरी असेल तर माझ्या मते हा वेडेपणा आहे. जैवरसायन वरच्या वर्गाचा विषय असल्याने कम्युनिटी कॉलेजात सहसा नसतोच. तो विद्यापीठातच करावा लागतो, तेव्हा शेवटच्या वर्षात त्याची जागा आधीच राखावी.

पुष्कळांचा असा समज असतो, की विद्यापीठाने फक्त क्रेडिट घेतलं, ग्रेड घेतली नाही, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातला ‘सी’ पुसला गेला. तसं होत नाही. मेडिकलचे बहुतेक अर्ज ‘अ‍ॅमकास’ या सामायिक अर्जसेवेमार्फत जातात, आणि तिथे शिकलेल्या प्रत्येक कॉलेजचं ट्रान्स्क्रिप्ट द्यावं लागतं. तिथे जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, नव्याने काढतात. जीवशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्र आणि गणित यांचा वेगळा. पुन्हा दिलेल्या विषयाच्या दोन्ही ग्रेड धरल्या जातात.

काही मेडिकल कॉलेजांना प्रीरेक चार वर्षांच्या विद्यापीठातलेच आवडतात, काहींना कुठलेही चालतात. ज्यांच्याकडे अर्ज करायचा, त्यांचं पान वाचल्याशिवाय फी भरू नये. सामान्य रसायन कम्युनिटी कॉलेजात आणि वरचे विषय विद्यापीठात उत्तम ग्रेडने केले, तर शंकेला फारशी जागा उरत नाही. एमकॅट या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा स्कोअरही तेच काम करतो.

पुण्या-मुंबईहून एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना आणखी एक दार ओलांडावं लागतं. दोन्हीकडचे तास मिळून पूर्णवेळ भरले तरी चालतात, पण व्हिसासाठी लागणारं आय-ट्वेंटी हे प्रमाणपत्र पदवी देणाऱ्या विद्यापीठाचंच राहतं आणि तिथल्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाची संमती आधी लागते. ऑनलाइन वर्ग एका सत्रात एकच, फार तर तीन क्रेडिटांपर्यंत, पूर्णवेळेच्या मोजणीत धरतात. रसायनाचा वर्ग अर्ध्यात सोडायचा असेल, तर आधी त्या कार्यालयात जायचं आणि मग नाव काढायचं.