दोनशे चाळीस मिनिटे आणि एक पेनल्टी

१९९४ च्या जुलैतली गोष्ट. बाहेर पाऊस लागलेला, रात्रीचा एक केव्हाच वाजून गेलेला आणि घरातली बाकीची मंडळी गाढ झोपलेली. टीव्हीचा आवाज जेमतेम ऐकू येईल इतका ठेवून मी आणि कोल्हापूरहून आलेले मामा विश्वचषक फुटबॉलचा उपांत्यपूर्व सामना पाहत बसलो होतो. रोमानिया विरुद्ध स्वीडन. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या मैदानावर तेव्हा भर दुपार होती.

त्या वर्षी आम्ही दोघेही रोमानियावर फिदा होतो. आठवड्याभरापूर्वीच त्यांनी अर्जेंटिनाला ३-२ असे घरी पाठवले होते आणि हाजीच्या डाव्या पायाने जगाला वेड लावले होते. स्वीडनशी मात्र गाडे अडले. ९० मिनिटांत १-१, जादा वेळेत २-२, मग पेनल्टी. दोन्ही बाजूंच्या पाच-पाच किकनंतरही ४-४ अशी बरोबरीच. सहावी किक स्वीडनच्या हेन्रिक लार्सनने जाळ्यात घातली. आता रोमानियाकडून एक उंचापुरा, शांत चेहऱ्याचा माणूस चेंडूकडे निघाला.

मामा तरुणपणी पेठेतल्या तालमीच्या संघाकडून फुलबॅक खेळलेले. ते पुढे सरकून बसले आणि म्हणाले, "ह्याला कशाला धाडलंय? हा अडवणारा गडी हाय!"

स्वीडनचा गोलरक्षक रॅव्हेलीने चेंडू अडवला. रोमानिया बाहेर. मामांनी टीव्ही बंद केला आणि एक शब्द न बोलता चादर ओढून घेतली.

हुकलेल्या पेनल्टीपुरते ते नाव माझ्या डोक्यात राहिले : मिओद्राग बेलोदेदीच. पुढे त्याच्याविषयी जिथे मिळेल तिथे वाचत गेलो आणि ओशाळलो. या माणसाच्या आयुष्यातले नेमके चुकीचे मिनिट आपण पाहिले होते.

त्याचा जन्म २० मे १९६४ चा, सोकोल गावातला. रोमानियाच्या नैर्ऋत्य टोकाला, डॅन्यूबच्या काठी हे गाव आहे. पलीकडे तेव्हाचा युगोस्लाव्हिया. गावात वस्ती मोठी सर्बियन लोकांची. बेलोदेदीच कुटुंबही सर्बियनच. घरात एक भाषा, सरकारदरबारी दुसरी. आमची एक मावशी निपाणीला दिलेली आहे. तिच्या घरच्यांना हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही. पासपोर्ट रोमानियाचा असला तरी या मुलाचा जीव बेलग्रेडच्या रेड स्टार क्लबवर जडला होता. आपल्याकडे शेजारच्या राज्याच्या संघावर प्रेम केले तर फार तर टोमणे ऐकावे लागतात. चाउसेस्कूच्या रोमानियात सरहद्दीपलीकडे जीव लावणे इतके स्वस्त नव्हते.

मोल्दोव्हा नोव्हा या जवळच्या गावातल्या संघातून तो बुखारेस्टला गेला आणि १९८२ साली स्तेआवा या सैन्याच्या क्लबमध्ये दाखल झाला. तिथे त्याला जागा मिळाली ती स्वीपरची. ही जागा आता फुटबॉलमधून जवळजवळ नाहीशी झाली आहे, म्हणून दोन शब्द सांगतो. बाकीचे बचावपटू एकेका आघाडीवीराला धरून असतात. स्वीपरच्या वाट्याला असा कुणी नसतो. तो सगळ्यांच्या मागे उभा राहतो. पुढच्यांच्या हातून जे निसटेल ते झाडून काढायचे, ही त्याची नोकरी. त्याला धावण्यापेक्षा ओळखणे जास्त जमावे लागते. चेंडू कुठे येणार हे येण्याआधी कळावे लागते. बेलोदेदीचला ते कळत असे. चेंडू काढून घेतल्यावर तो आंधळेपणाने लांब भिरकावून देत नसे. मान वर ठेवून, पायात चेंडू घेऊन तो निवांत पुढे चालू लागे. रोमानियन लोकांनी त्याला 'हरीण' म्हणायला सुरुवात केली ती त्या चालीवरून.

७ मे १९८६. सेव्हिलमध्ये युरोपियन कपची अंतिम लढत, स्तेआवा विरुद्ध बार्सिलोना. सामना स्पेनमध्ये, त्यामुळे प्रेक्षकही जवळजवळ सगळे बार्सिलोनाचे. पूर्व युरोपातल्या एकाही क्लबने तोवर हा चषक जिंकलेला नव्हता. १२० मिनिटे झाली, गोल नाही. पेनल्टीमध्ये स्तेआवाचा गोलरक्षक हेल्मुट डुकाडामने बार्सिलोनाच्या चारही किक अडवल्या आणि स्तेआवा २-० असे जिंकले. इतिहासात नाव गेले ते डुकाडामचे, आणि ते योग्यच झाले. पण त्याआधीच्या दोन तासांत बार्सिलोनाला एकही गोल करता आला नव्हता. त्या बचावाच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या पोराला बावीस वर्षे पूर्ण व्हायला अजून तेरा दिवस बाकी होते.

घरी परतल्यावर कौतुक झाले, पण रोमानियातले दिवस वाईट होते. परदेशी कर्ज फेडण्याच्या हट्टापायी चाउसेस्कूने जनतेच्या ताटातले अन्न आणि खोलीतली ऊब काढून घेतली होती. टीव्हीचा कार्यक्रम दिवसाला जेमतेम दोन तास. डॅन्यूब पोहून युगोस्लाव्हियात निसटण्याच्या प्रयत्नात माणसे बुडत होती, पहारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडत होती. ज्या नदीकाठी बेलोदेदीच वाढला, तीच ही नदी.

१९८८ च्या अखेरीस युगोस्लाव्हियात गेलेला बेलोदेदीच परत आलाच नाही. तो बेलग्रेडला, लहानपणापासूनच्या आपल्या रेड स्टारकडे गेला. स्तेआवा सैन्याचा क्लब, त्यामुळे हे नुसते संघ बदलणे ठरले नाही. त्याच्या गैरहजेरीत खटला चालवून देशद्रोहाबद्दल दहा वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. युरोपियन फुटबॉल महासंघाने वर्षभराची बंदी घातली ती वेगळीच. चोविसाव्या वर्षी, खेळ ऐन भरात असताना, तो घरदार आणि मैदान दोन्हींना मुकला. १९८९ च्या मे महिन्यात स्तेआवा पुन्हा युरोपियन कपच्या अंतिम फेरीत पोहोचले आणि मिलानकडून ४-० असे चिरडले गेले. गुलिटचे दोन, व्हॅन बास्टनचे दोन. तो असता तर निकाल उलटला असता असे मी म्हणणार नाही; ते मिलान कुणालाच आवरणारे नव्हते. पण त्या चार गोलांच्या वेळी त्याच्या मनात काय आले असेल, हा विचार काही केल्या सुटत नाही.

पुष्कळ लेखक त्याला स्वातंत्र्याचा वीर करून टाकतात. मला ते पटत नाही. त्याने घोषणा दिल्या नाहीत, क्रांतीची भाषा केली नाही. त्याला रेड स्टारकडून खेळायचे होते, इतकी साधी गोष्ट होती. आणि इतक्या साध्या गोष्टीसाठी देशद्रोही व्हावे लागत होते, हीच त्या राजवटीची खरी ओळख.

डिसेंबर १९८९ मध्ये रोमानियात उठाव झाला आणि नाताळच्या दिवशी चाउसेस्कूला गोळ्या घालण्यात आल्या. बेलोदेदीचवरची शिक्षाही गेली. बंदी संपवून तो रेड स्टारच्या बचावाच्या मागे उभा राहिला, अगदी तसाच, मान वर ठेवून.

२९ मे १९९१. इटलीतल्या बारी शहरात पुन्हा युरोपियन कपचा अंतिम सामना. समोर मार्सेय, त्यात पापाँ, त्यात वॉडल. सामना इतका रटाळ झाला की नुसती गंमत पाहायला आलेल्यांची झोपच लागावी. पण पुन्हा १२० मिनिटे, पुन्हा समोरच्याचा गोल नाही, पुन्हा पेनल्टी. या वेळी रेड स्टारची तिसरी किक स्वतः बेलोदेदीचने घेतली. चेंडू थेट जाळ्यात. रेड स्टार ५-३ असे विजयी. दोन वेगवेगळ्या क्लबांकडून अंतिम सामन्यात खेळून युरोपियन कप जिंकणारा तो पहिला खेळाडू. दोन अंतिम सामने, मिळून २४० मिनिटे, आणि त्याच्या संघावर एकही गोल नाही! हा हिशेब मी पुढे मामांना सांगितला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गोल मारणाऱ्याचं नाव पेपरात येतंय. न झालेला गोल कोण छापणार?"

पण बारीचा आनंद एक महिनाही टिकला नाही. त्या रेड स्टारमध्ये सर्ब होते, मॅसेडोनियाचा पांचेव्ह होता, मॉन्टेनेग्रोचा सावीचेविच होता, क्रोएट बापाचा आणि सर्ब आईचा प्रोसिनेच्की होता आणि रोमानियातून पळून आलेला बेलोदेदीच होता. २५ जून १९९१ ला स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया युगोस्लाव्हियातून बाहेर पडले आणि युद्ध पेटले. ज्या देशाच्या आश्रयाला तो आला होता, तो देशच त्याच्या पायाखाली फुटला. संघाची पांगापांग झाली. १९९२ साली बेलोदेदीच स्पेनला व्हॅलेन्सियाकडे गेला. पुढे व्हॅलाडोलिड, व्हियारेआल आणि मग थेट मेक्सिकोतला अतलान्ते क्लब.

मात्र १९९२ मध्येच त्याने रोमानियाची जर्सी पुन्हा अंगावर चढवली. ज्या देशाने त्याला द्रोही ठरवले होते त्याच देशासाठी तो १९९४ च्या विश्वचषकात उतरला. संघाचा प्रशिक्षक होता अँगेल योर्दानेस्कू. हाच योर्दानेस्कू १९८६ च्या सेव्हिलमधल्या सामन्यात वयाच्या छत्तिसाव्या वर्षी बदली खेळाडू म्हणून मैदानात आला होता. म्हणजे स्टॅनफर्डला सहाव्या किकसाठी बेलोदेदीच चेंडूकडे चालत निघाला, तेव्हा त्याच्या संघाच्या बाकावर सेव्हिलचा जुना सोबती बसला होता. आणि हा गडी केवळ अडवणारा नाही, बारीच्या अंतिम सामन्यात त्याने पेनल्टी मारलेली आहे, हेही त्या बाकावर ठाऊक असणारच. आमच्या खोलीत मात्र ते कुणालाच माहीत नव्हते.

मामांना मी हेही सांगितले. "मग बरोबरच धाडला म्हणायचा," एवढेच ते पुटपुटले.

पराभवानंतरही तो रोमानियाकडून खेळत राहिला. १९९६ आणि २००० अशा दोन्ही युरो स्पर्धांच्या संघात तो होता. आणि १९९८ साली, ज्या सैन्याच्या क्लबमधून पळाल्याबद्दल दहा वर्षे सुनावली गेली होती, त्या स्तेआवाकडेच तो परतला. २००१ मध्ये स्तेआवाने रोमानियाची लीग पुन्हा जिंकली, तेव्हा त्यांच्या संघात सदतिशीला टेकलेला बेलोदेदीच होता. त्यानंतर त्याने बूट काढून ठेवले.