मुठीतल्या नरसाळ्याची परीक्षा

लेझरने धातूची भुकटी वितळवून, थरावर थर चढवत सुटे भाग घडवणाऱ्या यंत्राची किंमत कोटींत जाते. त्यात पडणाऱ्या भुकटीला पास-नापास ठरवणारं साधन मात्र मुठीत मावतं. हे हॉल फ्लोमीटर म्हणजे एक नरसाळं. आतला कोन ६० अंशांचा, तळाला सुमारे अडीच मिलिमीटरचं भोक. भोकावर बोट धरायचं, ५० ग्रॅम भुकटी ओतायची, बोट काढायचं आणि नरसाळं रिकामं होईपर्यंतचे सेकंद मोजायचे. भुकटी अडली तर कडेला एक हलकी टिचकी मारायची मुभा आहे, पण एकच. तरीही हलली नाही तर ‘वाहत नाही’ असा शेरा पडतो. एएसटीएमच्या बी २१३ मानकातली ही पद्धत. भोक झिजलं नाही ना, हे पाहायला ठरावीक एमरीची पूड त्यातून सोडतात. एवढ्या कमी सामानात इतकी शिस्त क्वचितच दिसते.

हे नरसाळं मुळात साच्यात भुकटी दाबून भाग बनवणाऱ्या जुन्या धंद्याचं. तिथे भुकटी स्वतःच्या वजनाने साच्यात उतरते, म्हणून ती किती सेकंदांत उतरते यालाच महत्त्व. लेझर यंत्राचं काम निराळं. तिथे एक पातं किंवा रूळ भुकटी आडवी पसरतो आणि थराची जाडी असते बहुधा ३० ते ६० मायक्रॉन. कण १५ ते ४५ मायक्रॉनचे. म्हणजे पुष्कळदा थर जेमतेम एक-दोन कणांचाच!

एवढे बारीक कण मुळातच हट्टी. व्यास निम्मा झाला की कणाचं वजन आठपट घटतं, पण कणाकणांतली ओढ साधारण निम्म्यावरच येते. गिरणीत गव्हाचे दाणे हॉपरमधून सरसर उतरतात आणि पीठ मात्र तोंडाशी अडून बसतं, तोच हा प्रकार. त्यात हवेतला ओलावा आणि मोठ्या कणांना चिकटलेली पिल्लं यांची भर पडते.

मला खटकते ती दुसरीच गोष्ट. परीक्षा ५० ग्रॅमची, म्हणजे वजनाची, आणि भोकातून जातं ते आकारमान. पोलादाची घनता पाण्याच्या आठपट, ॲल्युमिनियमची पावणेतीनपट. तेव्हा ५० ग्रॅम ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ तिप्पट जागा व्यापतं आणि सारख्याच सहजतेने वाहिलं तरी सेकंद जास्त दाखवतं. दोन धातूंचे सेकंद शेजारी मांडून निकाल लावणं सरळ अन्याय आहे. शिवाय इथे नापास ठरलेल्या काही भुकट्या यंत्रात छान पसरतात. मग कोणी दुप्पट रुंद भोकाचं कार्नी नरसाळं आणतं आणि भुकटी पास होते. पण तो पेपरच सोपा काढलेला असतो.

पर्याय आहेत. ठोकून बसवलेल्या भुकटीची घनता भागिले सैल भुकटीची घनता, म्हणजे हाउस्नर गुणोत्तर. ते १ च्या जितकं जवळ तितकं बरं. भुकटीचा एक थर दुसऱ्यावर सरकवायला लागणारा जोर मोजणारं अँड्र्यू येनिके यांचं कातर-यंत्र सायलोंच्या अभ्यासातून आलं. त्यात भुकटी आधी भाराखाली दाबतात, पण लेझरखालच्या थरावर असा भार नसतो. मला सगळ्यांत पटतो तो फिरता पिंप: काचेच्या बाजूंतून कॅमेरा भुकटीच्या दरडी कोसळताना टिपतो. पात्यापुढे लोळणाऱ्या ढिगाची चाल त्यातच जास्त ओळखीची वाटते.

नळीतून आर्गॉनच्या झोताबरोबर भुकटी थेट लेझरखाली सोडणाऱ्या यंत्रांचा प्रश्न सुटसुटीत: मिनिटाला किती ग्रॅम? ठरावीक वेळ भांड्यात गोळा करायची आणि तोलायची.

या मोजमापाची गरज आपल्याकडेही वाढते आहे. ९ मे २०२४ रोजी इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं, लेझरने भुकटीच्या थरांतून घडवलेलं इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिलं. १४ भागांचा एकच भाग झाला, १९ वेल्डिंग जोड गेले आणि ५६५ किलो घडीव धातू व पत्र्यांऐवजी १३.७ किलो भुकटी पुरली.

यंत्रातून उरलेली भुकटी चाळून पुन्हा वापरतात. तिच्यातले अतिबारीक कण उडून गेलेले असल्याने ती पुष्कळदा नव्यापेक्षा झरझर वाहते, पण तोवर तिने जास्त ऑक्सिजन धरलेला असू शकतो. म्हणून भुकटी घेणाऱ्यांनी फक्त सेकंदांवर सही करू नये. कणांच्या आकाराची विभागणी, ओलावा, ऑक्सिजन आणि पुनर्वापराची नोंदही मागावी, आणि आपल्याच यंत्रात एक थर पसरवून पाहावा.