मोटारींतील ध्वनिक्षेपक व त्याची बैठक

घरीं गोड वाटणारें गाणें मोटारींत लाविलें कीं डग्गा पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वाजूं लागतो, शब्द अस्पष्ट होतात, आणि आवाज वाढविला तर दारांतून खडखड ऐकूं येते, हा अनुभव पुष्कळांस असेल. अशा वेळीं बहुतेक लोक ध्वनिक्षेपकास, म्हणजे बोलण्यांतल्या स्पीकरास, दोष देतात व अधिक किमतीचा नवा आणून त्याच भोंकांत बसवितात. फरक पडतो तो खिशास! आमच्या मतें पुष्कळ वेळां खरी अपराधी असते ती स्पीकराची बैठक.

आज सर्वत्र दिसणारा हलत्या वेटोळ्याचा स्पीकर अमेरिकेंतील राइस व केलॉग या संशोधकांनीं १९२५ सालीं वर्णिला. चुंबकाच्या फटींतील तारेच्या वेटोळ्यांतून विद्युत्प्रवाह वाहूं लागला कीं तें पुढें-मागें सरकतें, व त्यास जोडलेला शंकु हवेस ढकलतो. शंकु पुढें गेला कीं पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणीं मागची विरळ होते. या दोन लाटा एकमेकींच्या उलट असल्यामुळें त्यांची गांठ पडली तर एक दुसरीस मारिते. उंच स्वरांच्या लाटा आंखूड असतात, त्यांस ही भीति थोडी. परंतु सेकंदास १०० कंपनांच्या खालच्या स्वराची लाट सुमारें ३.४ मीटर लांब असते, व ती वीतभर शंकूच्या कडेस सहज वळसा घालते. विद्यार्थिमित्रांनीं जुना स्पीकर प्रथम हातांत धरून वाजवावा व मग मोठ्या फळीस भोंक पाडून त्यावर घट्ट बसवावा. खालचे स्वर एकाएकीं प्रगट होतील.

मोटारीचें दार म्हणजे अशी फळी नव्हे. कांच व कुलूप यांच्या दुरुस्तीसाठीं त्याच्या आंतल्या पत्र्यास मोठमोठीं छिद्रें ठेविलेलीं असतात, आणि पुष्कळ गाड्यांत त्यांवर केवळ प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. शिवाय शंकु हवेस ढकलतो तितक्याच जोरानें स्पीकराची चौकट उलट ढकलली जाते. बैठक लेचीपेची असली तर तीच थरथरूं लागते. तंबोऱ्याचा भोपळा गुंजावा हें योग्यच, कारण तंबोरा स्वर निर्माण करितो. स्पीकराचें काम दुसऱ्याचा स्वर जसाच्या तसा पोंचविण्याचें. त्याच्या बैठकीनें अगदीं मौन धरावें.

यासाठीं सुमारें १८ मिलिमीटर जाडीच्या उत्तम प्लायवुडाचें कडें कापून तें दाराच्या पत्र्यास स्क्रूंनीं घट्ट आवळावें. आंतल्या प्लॅस्टिकच्या अस्तरास नव्हे. कड्याच्या दोन्ही बाजूंस फोमची पट्टी द्यावी, म्हणजे फट राहात नाहीं. मागील कडा तिरपी तासल्यास हवेस वाट मिळते. कांच पूर्ण खालीं उतरवून ती चुंबकास लागत नाहीं ना, हें कापण्यापूर्वींच मोजावें. मोठीं छिद्रें ॲल्युमिनियमच्या पत्र्यानें, पुन्हां काढतां येतील अशीं, झांकावीं. बाहेरच्या पत्र्यास आंतून ब्यूटिल रबराचे तुकडे चिकटविले कीं त्याचा झणत्कार थांबतो; सर्व पत्रा मढविण्याची गरज नाहीं.

येथें दोन इशारे दिलेच पाहिजेत. कांचेच्या कडेनें पावसाचें पाणी दारांत शिरतच असतें. कोंकणांत राहाणारांस हें सांगावयास नको. म्हणून कड्यास सर्व बाजूंनीं वॉर्निशाचे दोन-तीन हात द्यावे, आणि दाराच्या तळाशीं पाणी जाण्यासाठीं असलेलीं छिद्रें कदापि बुजवूं नयेत. नाहीं तर दार आंतून गंजेल. दुसरा इशारा अधिक महत्त्वाचा. कांहीं नव्या गाड्यांत बाजूनें टक्कर झाल्यास दारांतील हवेचा दाब मोजून संरक्षक पिशवी फुगविणारें यंत्र असतें. अशा दाराचीं छिद्रें कारखानदाराच्या माहितगार माणसास विचारल्यावांचून झांकूं नयेत. गाण्याच्या गोडीसाठीं लेंकरांचा जीव धोक्यांत घालणें कोणास परवडेल?

शेवटीं तारा जोडण्यापूर्वीं, सुट्या स्पीकरास टॉर्चमधील १.५ व्होल्टाचा सेल क्षणभर लावून पाहावा. सेलाचें धन टोंक ज्या खुंटीस लाविलें असतां शंकु बाहेर येतो, ती खुंटी खुणेनें लक्षांत ठेवून दोन्ही दारांत सारखीच जोडावी. एक शंकु बाहेर व दुसरा आंत जाऊं लागला तर दोन दारांचे खालचे स्वर गाडीच्या मध्यभागीं एकमेकांस खाऊन टाकतील, व इतकी सुतारकी केलेली फुकट जाईल.