ओसाड माळावरील वस्ती

पुण्याहून सासवड, जेजुरी करीत मोरगांवच्या गणपतीच्या दर्शनास आपणांपैकीं पुष्कळ जण गेले असतील. जेजुरीचा गड मागें पडला म्हणजे रस्त्याच्या दोहों बाजूंस उघडा, चढउताराचा, पिंगट रंगाचा माळ सुरू होतो. मधून मधून एखादी बाभूळ, एखादें बोरीचें झुडूप, दूरवर मेंढरांचा कळप. यापलीकडे त्यांत कांहीं दिसत नाहीं. "काय हा ओसाड मुलूख!" असे उद्गार गाडींतील कोणी तरी काढतो, आणि पुढच्या गांवीं चहा बरा कोठें मिळेल या विषयाकडे संभाषण वळतें. मीहि हे उद्गार अनेकदां काढले आहेत. परंतु गेलीं वीस वर्षें सुटीच्या दिवशीं या माळावर पायीं हिंडल्यावर तसें म्हणण्याचें धैर्य मला उरलेलें नाहीं. माळ ओसाड नसतो. त्यावरील वस्ती आपणांस वाचतां येत नाहीं, एवढेंच. ती कशी वाचावी याविषयीं चार गोष्टी आज सांगण्याचा विचार आहे. आणि ती वाचतां न आल्यामुळें माझ्या हातून घडलेली एक चूकहि शेवटीं सांगणार आहें.

प्रथम माळ म्हणजे काय, हें पाहूं. पावसाळी ढग आपला बहुतेक भार सह्याद्रीच्या माथ्यावर उतरवितात. तेथून पूर्वेकडे येतां येतां पाऊस झपाट्यानें कमी होत जातो. सुपें, बारामती या बाजूस वर्षाकांठीं सुमारें ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोहि बव्हंशीं चार महिन्यांत. मातीचा थर पातळ. त्याखालीं मुरूम आणि कातळ. अशा भूमींत दाट अरण्य वाढावें ही अपेक्षाच अयोग्य होय. या भूमीचें खरें अपत्य म्हणजे गवत: पवन्या, मारवेल, कुसळी. उन्हाळ्यांत तें वाळून गेलेलें दिसतें, पण त्याचा जीव मुळांत सुखरूप असतो. आपल्या मोज्यांना टोंचणारें कुसळीचें बीं एकदां निरखून पाहा. त्याची लांब शेपटी वाळली कीं तिला पीळ पडतो, ओली झाली कीं तो सुटतो. आणि या उलटसुलट फिरण्यानें बीं मळसूत्रासारखें मातींत शिरतें. पेरणारा नाहीं, औत नाहीं, तरी पेरणी होते.

माळ पाहावयास जाणाऱ्यानें सूर्योदयापूर्वीं तेथें पोंचावें. ऊन चढलें म्हणजे माळावरील बहुतेक प्राणी आडोसा धरतात, आणि दहा वाजतां गेलेला मनुष्य "कांहीं नाहीं" असें सांगत परत येतो. कपडे मातकट रंगाचे असावेत, वारा समोरून यावा, आणि बोलणें अगदीं हळू असावें. सर्वांत मोठें पथ्य म्हणजे चालण्यापेक्षां बसणें अधिक. पांचशें पावलें चालावें आणि दहा मिनिटें एखाद्या दगडाशीं स्वस्थ बसावें. आपण हलावयाचे थांबलों कीं माळ हलूं लागतो.

प्राणी दिसला नाहीं तरी निराश होऊं नये. त्याच्या खुणा दिसतात, आणि त्या वाचणें हाच या छंदांतील अर्धा आनंद होय. पायवाटेवरील धूळ प्रथम पाहावी. कुत्र्याच्या कुळांतील प्राण्यांच्या ठशांत चार बोटें आणि त्यांपुढें नखांच्या खुणा उमटतात. मांजराच्या कुळांतील प्राणी चालतांना नखें आंत ओढून घेतात, म्हणून रानमांजराच्या ठशांत नखें दिसत नाहींत. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षां ठळकपणें मोठा असतो. लांडग्याचा आणि मोठ्या कुत्र्याचा ठसा मात्र एकमेकांसारखाच. तेथें चालीवरून अंदाज करावा लागतो. कुत्रा हुंगत, वळत, रेंगाळत जातो; लांडगा कामावर निघालेल्या माणसासारखा सरळ रेषेंत जातो. विष्ठेचें नांव काढतांच नाक मुरडूं नये. लांडग्याच्या विष्ठेंत केंस असतात; तरस हाडें फोडून पचवितो, म्हणून त्याची विष्ठा वाळली कीं चुन्यासारखी पांढरी होते; आणि खोकडाच्या विष्ठेंत बोरांच्या आठळ्यांबरोबर किड्यांचीं चकाकणारीं कवचें सांपडतात. आदल्या रात्रीं कोण काय जेवलें याची ती यादीच असते.

आतां या रहिवाशांची थोडी ओळख करून घेऊं. ससा दिवसा गवतांत अंगाच्या आकाराची बैठक करून निजतो, आणि अगदीं पायाखालीं येईपर्यंत उठत नाहीं. येथें पालकांस एक विनंति आहे. सशाचें पिलूं एकटें सांपडलें म्हणून मुलें तें घरीं घेऊन येतात. सशाचीं पिलें डोळे उघडे आणि अंगावर केंस असलेलीं अशीं जन्मतात. आई त्यांना गवतांत लपवून दूर राहते आणि केवळ दूध पाजण्यापुरती येते. तें पिलूं पोरकें नसतें. आपण उचलल्यामुळें तें पोरकें होतें.

खोकड हा मांजराहून थोडा मोठा, करड्या अंगाचा आणि झुबकेदार शेपटीचा प्राणी. शेपटीचें टोंक काळें, ही त्याची खूण. कोल्हा आणि खोकड यांत आपण नेहमीं गल्लत करतों. कोल्हा अंगानें बराच थोराड असतो आणि ऊस, मका यांच्या शेतांतहि रमतो. खोकडाला मात्र उघडा माळच मानवतो. थोड्या उंचवट्यावर, अनेक तोंडें असलेलें त्याचें बीळ असतें, आणि उन्हाळ्याच्या आरंभीं संध्याकाळीं पिलें त्या तोंडाशीं खेळतांना दिसतात. उंदीर, वाळवी, नाकतोडे, बोरें हें त्याचें अन्न. शेतकऱ्याचें यांत हितच आहे.

चिंकारा पाहावयाचा असेल तर मोरगांवाहून पुढें सुप्याकडे जावें. तेथें १९९७ सालीं मयूरेश्वर अभयारण्य झालें. त्याचें क्षेत्र अवघें ५.१४ चौरस किलोमीटर आहे, पण चिंकारा तेथें बहुधा दर्शन देतो. त्याचीं शिंगें जवळजवळ सरळ, वळीं असलेलीं. मादीलाहि शिंगें असतात, पण बारीक. काळवीट निराळा: त्याच्या नराचीं शिंगें पीळदार आणि मादी सहसा बिनशिंगी. तो पाहण्यास कर्जत तालुक्यांतील रेहेकुरीस जावें. तेथील अभयारण्य १९८० सालचें. चिंकारा पाला आणि दंव यांतील ओलाव्यावर पुष्कळ दिवस काढूं शकतो. संशय आला कीं तो पुढचा पाय आपटतो आणि नाकानें फुसकारतो. तो ध्वनि ऐकूं आला तर समजावें कीं आपण पाहण्यापूर्वींच आपण पाहिले गेलों आहों.

आतां कीटक. यांच्यासाठीं दुर्बिणीची गरज नाहीं. गुडघे टेकण्याची तयारी मात्र हवी. मृग नक्षत्राच्या पहिल्या सरीनंतर लाल मखमलीचा मृगाचा किडा ओल्या मातीवर फिरूं लागतो. त्याचे पाय मोजा. ते आठ भरतील. म्हणजे तो कीटक नव्हेच, कोळ्याचा दूरचा भाऊबंद आहे. त्याच सुमारास वाळवीला पंख फुटतात आणि ती वारुळांतून थव्यांनीं बाहेर पडते. मेंढरांच्या वाटेवर शेणकिडा आपल्याहून मोठा गोळा मागच्या पायांनीं ढकलीत उलटा चालतांना भेटेल. तो गोळा जमिनींत पुरला जातो: जमिनीस खत मिळतें आणि माशांची पैदास घटते. शेणकिड्याची एक जाति रात्रीं आकाशगंगेच्या प्रकाशपट्ट्यावरून दिशा राखते, असें २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकेंतील प्रयोगांत आढळून आलें. ज्याची नजर सदैव शेणावर असे आपण समजतों, तो आकाश पाहून चालतो! रुईच्या झाडावर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा नाकतोडा बसलेला असतो. रुईचा विषारी चीक पचवून तो स्वतःच विषारी होतो; म्हणून तो लपत नाहीं, उलट भडक रंगानें पांखरांना बजावतो. झुडपाखालच्या कोरड्या मातींत नरसाळ्याच्या आकाराचे लहान खळगे दिसतील. त्यांच्या तळाशीं एक अळी मातींत दडून मुंगी घसरण्याची वाट पाहते, आणि मुंगी निसटूं लागली तर तिच्यावर मातीचा मारा करते.

हे कीटक सोडून द्यावयाचे, असें मात्र समजूं नये. गवतावर नाकतोडे, नाकतोड्यांवर खोकड. गवतावर ससा आणि चिंकारा, त्यांवर लांडगा. आणि त्याच गवतावर मेंढरूं, त्या मेंढरावर धनगराचें घर. एकें सकाळीं कळपापासून थोड्या अंतरावर दोन लांडगे उभे असलेले मीं पाहिले. मेंढपाळ वृद्ध होता. त्यानें कुत्र्याला हाक दिली, काठी उंच केली, आणि लांडगे उतारापलीकडे नाहींसे झाले. मीं विचारलें, "याचा राग येत नाहीं का?" तो म्हणाला, "येतो तर, गुरुजी! कोकरू ग्येलं की दोन दिस भाकर गोड लागत न्हाई. पन त्येचं बी प्वाट हाय." कोकराचें नुकसान खरें आहे, आणि त्याच्या रागानें कोठें कोठें लांडग्यांची बिळें धुरानें कोंडलीं जातात, हेंहि खरें आहे. तथापि आज देशांत लांडग्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वाघांची संख्या २०२२ च्या गणनेंत ३६८२ धरली गेली. म्हणजे आपल्या घराशेजारच्या माळावर हिंडणारा हा प्राणी वाघाइतकाच दुर्मिळ आहे. फक्त त्याच्याविषयीं कोणी बोलत नाहीं.

आतां माझी चूक. २००८ च्या पावसाळ्यांत शहराच्या कडेच्या एका माळावर आम्हीं मित्रमंडळींनीं झाडें लावलीं. उतारावर खोकडाचें बीळ होतें, तें मला ठाऊक होतें. झाडें वाढलीं कीं त्यालाहि सांवली मिळेल, असें मला प्रामाणिकपणें वाटत होतें. रोपें गिरिपुष्पाचीं होतीं. हें झाड मूळचें मध्य अमेरिकेकडील. तें लवकर वाढतें, म्हणून सर्वांच्या सोयीचें. पहिलीं दोन वर्षें आम्हीं पाणी घातलें आणि टेंकडी हिरवी झाल्याचीं छायाचित्रें एकमेकांस दाखविलीं. पांचव्या वर्षीं सांवलीखालचें गवत विरळ झालें. नाकतोड्यांचा आवाज कमी झाला, ससा उठेनासा झाला, आणि एका उन्हाळ्यांत बिळाच्या तोंडाशीं कोळ्याचें जाळें दिसलें. शेजारीं घरें वाढलीं होतीं, मोकाट कुत्रीं वाढलीं होतीं. सर्व दोष झाडांवर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. पण ज्याला दूरवरचें उघडें दिसल्यावांचून निर्भय वाटत नाहीं, त्याच्या दारांत आम्हीं भिंत उभारली होती, हें मला नाकारतां येत नाहीं. त्याच वृद्ध मेंढपाळास मीं हें सांगितलें. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "झाड लावनं पुन्याचं काम, गुरुजी. पन ज्येच्या घरात लावायचं, त्येला आधी इचारावं."

श्रोतेहो, ही चूक माझ्या एकट्याची नाहीं. २००० सालीं देशांतील पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह प्रथम प्रसिद्ध झाला, त्यांत अशा झुडपी-गवताळ भूमीची गणना पडीक जमिनींतच झाली. एकदां पडीक हें नांव पडलें कीं त्या जागेचें कांहीं तरी केलेंच पाहिजे असें सर्वांस वाटूं लागतें: कोणी झाडें लावतो, कोणी मुरूम खणतो, कोणी घरें बांधतो. माळाचेंच नांव धारण करणाऱ्या माळढोक पक्ष्यासाठीं १९७९ सालीं सोलापूरजवळ नान्नजच्या भागांत अभयारण्य झालें. तरी आज महाराष्ट्रांत त्याचें दर्शन अत्यंत दुर्मिळ झालें आहे. खोकड आणि लांडगा यांच्यावर ही पाळी येऊं नये.

आपण काय करूं शकतों? माळावर जातांना वाहन वाटेबाहेर घालूं नये, पाळीव कुत्रा बरोबर नेऊं नये, बिळाशीं गर्दी करूं नये, आणि पाहिलेल्या प्राण्याची तारीख, वेळ व जागा मुलांकडून एका वहींत लिहवावी. झाडें अवश्य लावावींत. पण आपल्या अंगणांत, रस्त्याच्या कडेला, विहिरीच्या कांठीं. आणि एखाद्या ओसाड माळावर वृक्षारोपणास चला, असें निमंत्रण आलें तर नम्रपणें एकच प्रश्न विचारावा: तेथें आज कोण राहतें, हें कोणी पाहिलें आहे काय? उत्तर मिळालें नाहीं तर फावडें घरीं ठेवून आधीं एक सकाळ त्या माळावर बसून यावें. मीं तें २००८ सालीं केलें नाहीं. आपणांस तें करतां येईल.