दगडावर ओला कागद

शिल्पकार छापाकडे किंवा कागदाकडे वळला की त्याने जड काम सोडून हलकं हाती धरलं, असं सहज समजलं जातं. एखाद्या कार्यशाळेत काही आठवडे राहून काम करण्याची संधी, म्हणजे हल्ली ज्याला रेसिडेन्सी म्हणतात ती मिळाली, की तिथे कागदावर केलेली कामं मुख्य शिल्पांच्या यादीत तळाला जातात. जणू ती हात मोकळा करायला केली होती. हा समज तपासून पाहायचा तर गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्यापासून सुरुवात करावी. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी हा मंदिरसमूह आहे. दहाव्या-अकराव्या शतकाच्या आसपासचं हे वालुकाश्मातलं काम पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७३-७४च्या दौऱ्यात पाहिलं आणि पुरातत्त्व अहवालाच्या नवव्या खंडात त्याचं वर्णन दिलं. ‘विदर्भाचं खजुराहो’ हे बिरुद मार्कंड्याला नंतर चिकटलं. ते फारसं उपयोगाचं नाही, कारण मार्कंड्याकडे बघताना नजर खजुराहोवरच राहते. अशा दगडाचं आणि कागदाचं नातं ज्या कसबाने जोडलं त्याचं नाव ठसा. शिल्पकाराने कागदाकडे वळण्याचा खरा अर्थ या कसबात सापडतो, असं माझं म्हणणं आहे.

शिलालेखाचा ठसा घेण्याची रीत दिसायला सोपी आहे. दगड आधी पाण्याने आणि ब्रशने स्वच्छ करायचा. बिनचकाकीचा, लांब धाग्याचा कागद भिजवून त्यावर पसरायचा आणि ताठ केसांच्या ब्रशने ठोकत जायचं. कागदाखालची हवा निघून गेली पाहिजे आणि खोदलेल्या प्रत्येक रेघेत कागद उतरला पाहिजे. कागद जरा सुकला की कापसाच्या कापडी बोळ्याने काजळीची शाई टिपत न्यायची. उंच भाग काळा होतो, खोदलेलं अक्षर पांढरं राहतं. पूर्ण वाळल्यावर कागद सोडवून घ्यायचा. लाकडी ठोकळ्याच्या छपाईत शाई ठोकळ्याला लागते, म्हणून ठोकळ्यावर अक्षर उलटं कोरावं लागतं. ठशात शाई कागदाच्या बाहेरच्या बाजूला लागते, दगडाला टेकलेली बाजू कोरी राहते, म्हणून अक्षर सरळ वाचता येतं. यंत्राचा दाब इथे कुठेच नाही, दाब हाताचा आहे. आणि सोडवलेला कागद सपाट नसतो. त्याच्या अंगावर खोली असते, बोटाला ती लागते. म्हणजे छाप म्हणवणारी ही वस्तू प्रत्यक्षात एक पातळ साचा आहे. साचा काढणं हे शिल्पकाराचंच काम ना?

चीनमध्ये ही रीत तांग काळाइतकी तरी जुनी आहे. दुनहुआंगच्या गुहेत सातव्या शतकातला ठसा मिळाला आहे. आपल्याकडे ती पुराभिलेखविद्येबरोबर रुजली. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी १९६३मध्ये वाकाटकांच्या लेखांचा जो खंड संपादित केला, तशा ग्रंथांचा पाया अशा छापांवर उभा आहे. पुरातत्त्व खात्याची अरबी-फारसी लेखांची शाखा आजही नागपुरातच आहे. पण या सगळ्या व्यवहारात लक्ष अक्षराकडे राहिलं. अक्षर वाचून झालं की ठसा गुंडाळून ठेवायचा. दगडाच्या पोताची, छिन्नीच्या घावाची, झिजेची जी नोंद त्याच कागदावर आपोआप उतरलेली असते, ती वाचणारा माणूस वेगळा लागतो.

असा वाचणारा शिल्पकार आज आहे. कोरियाच्या दो हो सुहने ‘रबिंग/लव्हिंग’ या कामात न्यूयॉर्कमधलं आपलं घर आतून कागदाने मढवलं आणि रंगीत पेन्सिलींनी घासून दारांच्या मुठींपासून स्विचांपर्यंत सारं कागदावर उतरवलं. सिंगापूरच्या एसटीपीआय या छापखान्यातल्या रेसिडेन्सीत त्याने विरघळणाऱ्या कागदावर धाग्यांनी चित्रं शिवली आणि ती ओल्या लगद्यात मुरवली. आधार विरघळून गेला, धागा कागदाचाच झाला. आपल्याकडे सोमनाथ होर यांनी सत्तरच्या दशकात ‘वुंड्स’ मालिका केली. मातीच्या पाटावर सुरीने, तापल्या सळईने जखमा करायच्या, त्यावरून सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्यात कागदाचा लगदा दाबायचा. शाईचा थेंब नाही, पांढऱ्यावर पांढरं. होर पुढे ब्राँझकडे गेले, तेव्हा आकृतींच्या अंगावर त्याच चिरा होत्या. कागद ही त्यांची विश्रांती नव्हती, हे यावरून दिसतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो नकलेचा. ठसा शेवटी आधीच्या कलावंताच्या कामाची नक्कलच. पण फोटोत जे येत नाही तेच ठशात येतं, ते म्हणजे वस्तूचं खरं माप आणि तिला झालेला स्पर्श. शिवाय मार्कंड्याच्या भिंतींवरच्या बऱ्याच मूर्ती इतक्या उठावाच्या आहेत की ओला कागद तिथे फाटेल. ठसा लेखाला, पट्टीला, उथळ नक्षीला चालतो. कागद कुठे टिकतो आणि कुठे हार मानतो, यावरून जुन्या कारागिराने किती खोलवर हात घातला होता याचा अंदाज शिल्पकाराला येतो, आणि तो डोळ्यांनी येणाऱ्या अंदाजाहून पक्का असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: वालुकाश्म झिजतो, शाई झिरपते, ब्रशने कण सुटतात. हे खरं आहे, आणि संरक्षित स्मारकावर खात्याच्या परवानगीशिवाय हात लावता कामा नये, यात वादाला जागा नाही. पण म्हणून कल्पना बाद होत नाही. होर यांची वाट मोकळी आहे. दगड पाहावा, मापावा आणि साचा स्वतःच्या मातीत घ्यावा.

तिसरा आक्षेप कागदावरच येतो, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या मुलखात कागद निष्पाप नाही. बल्लारपूरच्या कागद कारखान्याने आणि चामोर्शी तालुक्यातल्याच आष्टीच्या कारखान्याने इथल्या बांबूवर कागद काढला. त्या बांबूवर हक्क कुणाचा, हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती यायला २०११चा एप्रिल उजाडला. तेव्हा कागद म्हणजे हलकं साहित्य, हे इथे तरी म्हणता येत नाही. त्याच्या मागे जंगल आहे, मजुरी आहे, कायदा आहे. ज्याला दगडाचं वजन कळतं त्याला हे वजनही कळावं, अशी अपेक्षा वाजवी आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा प्रभाकर पाचपुते हे साहित्याचं असं वजन कळण्याचं जवळचं उदाहरण. खैरागड आणि बडोदा इथे त्याने शिल्पकला शिकली, आणि कोळशाने थेट भिंतींवर काढलेल्या चित्रांनी तो जगभर पोचला. त्याच्या गावाशेजारी कोळशाची खाण, घरची माणसं खाणीत राबलेली. त्याच्या हातातला कोळसा लाकडाचा असला तरी बघणाऱ्याला खाणच दिसते. शिल्पकाराने दगड सोडला असा निष्कर्ष इथे कोणी काढत नाही, कारण त्याच्या कोळशामागची खाण सर्वांना माहीत आहे. कागदाबाबत तो निष्कर्ष घाईने निघतो तो एवढ्याचसाठी, की कागद कुठून आला हे आपण विचारत नाही. सास्ती वर्धेच्या बाजूला, मार्कंडा वैनगंगेवर, आणि या दोन नद्या चपराळ्याला मिळतात. बांबू, कोळसा आणि वालुकाश्म एवढ्याच पट्ट्यात आहेत. इथे कोणी रेसिडेन्सी काढलीच, तर तिची पहिली अट ग्रामसभेकडून रीतसर विकत घेतलेला बांबू आणि त्याचा लगदा ही असावी. छापाचं यंत्र नंतर आलं तरी चालेल.