आहारनोंदीची भाषा

मराठीत ‘जेवणे’ आणि ‘खाणे’ ही क्रियापदे समानार्थी नाहीत. पान मांडून, ठरलेल्या वेळी घेतलेला पूर्ण आहार म्हणजे जेवण. चहा ‘घेतला’ जातो, शेंगदाणे ‘तोंडात टाकले’ जातात, भाजी ‘चाखली’ जाते आणि उपवासाला ‘फराळ’ होतो. व्यवहारात हे भेद सोयीचे आहेत; परंतु वजन घटविण्यासाठी आहाराची नोंदवही ठेवणाऱ्यास तेच चकवितात. रात्री वही उघडून ‘आज काय जेवण झाले?’ असा प्रश्न जो स्वतःस विचारतो, त्याच्या उत्तरातून या सर्व गोष्टी आपोआप गळतात.

ही गळती किती मोठी असू शकते, हे न्यूयॉर्क येथील संशोधकांनी १९९२ साली दाखवून दिले. अत्यल्प आहार घेऊनही वजन घटत नाही, अशी तक्रार असलेल्या १० व्यक्तींचा ऊर्जाव्यय त्यांनी मोजला. तो सर्वसाधारणच आढळला. मात्र या व्यक्तींनी आपला आहार प्रत्यक्षाहून सरासरी ४७ टक्के कमी सांगितला होता. हे मराठी भाषक नव्हते, तरी धडा लागू पडतो. असे लबाडीनेच घडते असे नव्हे. ज्या गोष्टीस मन आहार म्हणत नाही, ती स्मरणातही आहार म्हणून राहत नाही.

दुसरी अडचण नामांची. नाशिकची मिसळ घ्या. वहीत ‘मिसळ’ एवढा एकच शब्द लिहिला, तर नोंद झाल्याचे समाधान मिळते. पण हे नामच मुळी मिश्रणाचे आहे. फरसाण किती, पाव दोन की चार, रस्सा पुन्हा घेतला काय व त्यावरील तेलाचा तवंग केवढा, यांपैकी काहीच त्यातून कळत नाही. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, पिष्टमय पदार्थापासून ४. म्हणून तवंगाची उपेक्षा सर्वांत महाग पडते.

तिसरी अडचण मापांची. धान्याची मापे पूर्वी बांधेसूद होती : २ चिपट्यांचे मापटे, २ मापट्यांचा शेर, ४ शेरांची पायली. १९५६ च्या कायद्यानंतर त्यांची जागा क्रमाने दशमान पद्धतीने घेतली. शिजलेल्या अन्नाची मापे मात्र वाटी, पळी, चमचा, चतकोर अशीच राहिली आणि ती घरोघरी भिन्न असतात. त्यातच शिजताना तांदळाचे वजन पाण्यामुळे अडीच ते तीन पट होते. तेव्हा एक वाटी कायम ठरवावी, ती एकदा काट्यावर मोजावी आणि नोंद कच्च्या तांदळाची की भाताची, हे लिहावे.

लहान नोंदी क्षुल्लक नसतात. दिवसाला ४ कप चहा, प्रत्येकात २ चमचे साखर, चमचा ५ ग्रॅमचा, असे धरल्यास ४० ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे १६० किलोकॅलरी होतात. आणि चहा तर केवळ ‘घेतलेला’ असतो!

सातत्याचे महत्त्व येथेच आहे. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १,७०० व्यक्तींच्या अभ्यासात रोज नोंद ठेवणाऱ्यांचे वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट घटले. अर्थात नियमाने लिहिणारा इतर बाबतींतही नियमित असण्याचा संभव आहे. म्हणून सर्व श्रेय वहीस देता येणार नाही. तथापि ज्या दिवशी लग्नाचे जेवण झाले तोच दिवस वगळणारी वही निरुपयोगी, हे उघड आहे.

काट्यावरील आकडाही पुरेसा नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटिश डॉ. जॉन युडकिन यांचा उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३ होता, पण शरीरातील चरबी अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के होती, असे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आहारात काय आहे, हे म्हणूनच पाहावे लागते. मधुमेहावर औषध घेणाऱ्यांनी आहारातील बदल वैद्याच्या सल्ल्यानेच करावेत.

सारांश, नोंद खातेवेळीच करावी, घटकशः करावी आणि प्रश्न बदलावा : ‘काय जेवण झाले?’ असा नव्हे, तर ‘तोंडात काय काय गेले?’ असा. वही न्यायाधीश नव्हे, साक्षीदार आहे. आणि साक्षीदाराचा उपयोग तो सर्व सांगतो तेव्हाच होतो.